भरती आली की चिखलातले पक्षी जातात कुठे? (ठाणे खाडी, मिठागरं आणि इतर पाणथळ जागा)

खाडीकाठ_ऐरोली:

नमस्कार मंडळी. जानेवारीतली पाणपक्ष्यांची गणना जवळ आली की इथे फ्लेमिंगोचे फोटो पडायला लागतात, ते छानच असतात. पण फ्लेमिंगो सोडून त्या चिखलात जे हजारो लहान पक्षी पळत असतात त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा. आणि एक प्रश्न मला सगळ्यांसमोर ठेवायचाय जो मला फार महत्त्वाचा वाटतो: ओहोटीला हे पक्षी चिखलात खातात हे सगळ्यांना दिसतं, पण भरती येऊन सगळा चिखल पाण्याखाली गेला की ते जातात कुठे?

आधी चिखलाबद्दल. खाडीचा चिखल म्हणजे घाण, वास, डास असंच आपल्याला वाटत आलंय. प्रत्यक्षात त्या एका हातभर जागेत समुद्री किडे, बारीक शंख-शिंपले, खेकडे, कोलंबीची पिल्लं, वर शेवाळाचा पातळ थर असं सगळं खच्चून भरलेलं असतं आणि ते वेगवेगळ्या खोलीवर असतं. म्हणून तर एकाच चिखलावर इतक्या जाती एकमेकांना फारसा त्रास न देता जगू शकतात. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे, तो पळतो, थांबतो, बघतो, टिपतो, त्याचं सगळं काम नजरेवर. तुतारी आणि टिलवे वरच्या थरात चोच मारतात. पाणटिवळ्याची चोच लांब आणि सरळ, तो मुळापर्यंत चोच खुपसून खोलातले किडे काढतो. आणि कुरल, म्हणजे ती खाली वाकलेली अवाढव्य चोच असलेली, ती खेकड्याच्या बिळात चोच घालते. उचाट्याची चोच वर वाकलेली, तो पाण्यात ती डावी-उजवीकडे फिरवत चालतो आणि चोचीला जे लागेल ते पकडतो.

कुरलीला खेकडा खाताना नीट बघा कधीतरी. पकडल्यावर ती लगेच गिळत नाही. खेकड्याला एका पायाला धरून जोरात झटकते, पाय निखळून पडतो, मग दुसरा पाय, मग नांगी, आणि शेवटी नुसतं धड उरलं की मान वर करून गिळते. कधी कधी आधी पाण्यात खळबळून घेते. मोठी नांगी असलेला फिडलर खेकडा असेल तर हे बराच वेळ चालतं.

आता वेळेचं. या पक्ष्यांचा दिवस सूर्यावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात, म्हणजे ओहोटी रात्री 2 वाजता असेल तर ते रात्री 2 वाजता जेवतात. मग भरतीचे जे काही तास आहेत त्यात त्यांना उभं राहायला, पिसं साफ करायला, झोपायला जागा लागते. ती जागा उघडी हवी, म्हणजे बहिरी ससाणा किंवा मार्श हॅरियरसारखा शिकारी पक्षी लांबून दिसला पाहिजे. पाणी उथळ हवं, तुतारीला बोटभर पुरतं, शेकाट्याला वीतभर चालतं. आणि ती जागा चिखलापासून जवळ हवी कारण दिवसातून दोनदा जाऊन-येऊन करायचंय. आपल्याकडे अशा जागा म्हणजे भांडुप-कांजूर-मुलुंडची मिठागरं आणि नवी मुंबईत नेरुळ-सीवूड्सकडची तळी. अभयारण्य झालं खाडीचं, 2015 मध्ये, ऐरोली पूल ते वाशी पूल. 2022 मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असा दर्जा मिळाला, बफर धरून 6,521 हेक्टर. पण नेरुळ-सीवूड्सची ती तळी अभयारण्याच्या हद्दीत नाहीत. म्हणजे आपण पक्ष्यांचं ताट जपलं पण त्यांची झोपायची जागा उघड्यावर सोडली. माझं म्हणणं एवढंच आहे की या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत.

तुमच्या भागात काय आहे ते लिहा.

मुग्धा_कोथरूड:

फार सुंदर लिहिलंय दादा. माझा मुलगा चौथीत आहे, मागच्या महिन्यात आम्ही उजनी धरणाकाठी भिगवणला गेलो होतो तर त्याचे दोन प्रश्न आहेत ज्याची उत्तरं मला देता आली नाहीत. एक म्हणजे फ्लेमिंगो एका पायावर का उभे राहतात, थकत नाहीत का? आणि दुसरा, त्यांचा गुडघा उलटा का वाकतो?

सडा_रत्नागिरी:

मुग्धाताई, दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, तो गुडघा नाहीच, तो घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांमध्ये पोटाजवळ झाकलेला असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. बगळा, करकोचा, शेकाट्या सगळ्यांचं तसंच. आपण ज्याला पाय म्हणतो त्यातला बराचसा भाग म्हणजे त्यांचं लांबलेलं पाऊल आणि ते चालतात बोटांवर.

एका पायाचं: 2017 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, त्यात असं दिसलं की फ्लेमिंगो एका पायावर उभा असताना त्याला स्नायूंची ताकद जवळजवळ लावावीच लागत नाही, शरीराच्या वजनानेच सांधे जागेवर बसतात. मेलेल्या फ्लेमिंगोलाही एका पायावर उभं करता आलं, दोन पायांवर नाही! म्हणजे एका पायावर उभं राहणं त्यांना आरामाचं आहे. शिवाय पाण्यात पायातून उष्णता जाते, एक पाय पोटात घेतला की ती वाचते.

मुलाला हेही सांगा की पिल्लं जन्मतः करडी असतात, गुलाबी रंग खाण्यातून येतो, शेवाळ आणि बारीक जीवांमधल्या कॅरोटिनॉइडमुळे, आणि पूर्ण रंग यायला दोन-तीन वर्षं जातात. थव्यात मळकट पांढरे दिसतात ते वयाने लहान.

भीमाकाठ_इंदापूर:

आमच्याकडं उजनीला भरती-ओहोटी न्हाई, पण धरणाचं पाणी हेच आमची भरती-ओहोटी. पावसाळ्यात धरण भरतं आणि उन्हाळ्यापर्यंत उतरत जातं. पाणी उतरलं की काठाला चिखल उघडा पडतो आणि मग पक्षी उतरतात. लोकं फोन करून इचारत्यात "आले का फ्लेमिंगो", मी म्हणतो आधी धरणात पाणी किती टक्के हाय ते बघा. ज्या वर्षी जानेवारीतबी धरण भरून वाहतंय त्या वर्षी त्यांना उभं राहायला उथळ जागाच मिळत नाही, मग ते दुसरीकडं जातात किंवा उशिरा येतात. लोक म्हणतात यंदा पक्षी कमी आले, पर्यावरण बिघडलं, पण कारण पाण्याची खोली असतंय.

एक गोष्ट लिहावीशी वाटली. उजनी काय नैसर्गिक तलाव न्हाई, 1980 ला धरण झालं, आमच्या लोकांच्या जमिनी गेल्या, गावं उठली. पक्षी नंतर आले. तसंच नांदूर मधमेश्वरचं, तिथं गोदावरी-कादवाच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला, गाळ साठत गेला आणि आज ते राज्यातलं पहिलं रामसर ठिकाण झालंय, 2020 पासून. जायकवाडीबी तसंच. म्हणजे आपण बांधलेलं पाणी पक्ष्यांनी आपलं केलं. पण त्याचं पाणी कधी सोडायचं ते ठरवताना पक्ष्यांचा इचार कुठं होतो.

आणि गाळपेर. पाणी उतरलं की उघडी पडलेली जमीन शेतकरी पेरतो, हरभरा, मका, भुईमूग. ती जमीन सुपीक असती, पोटाचा प्रश्न हाय, मी सोता करतो. पट्टकदंब हंस त्या पिकात येऊन चरतात, नुकसान होतं पण थोडं. मात्र चिखलाला लागूनच पेरत गेलं की चिखल्या-तुताऱ्यांना जागा राहत नाही. आमच्या वाडीत आम्ही ठरवलंय की पाण्यालगतचा पट्टा सोडून पेरायचं. सगळीकडं होईल असं न्हाई पण सांगायचं म्हणून सांगितलं.

खाडीकाठ_ऐरोली:

भीमाकाठ, तुम्ही जे लिहिलंय ते कुठल्याही रिपोर्टमध्ये सापडणार नाही. पाण्यालगतचा पट्टा सोडायची कल्पना फार मोलाची आहे. तुम्ही बघता त्यात मोठे रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगो) जास्त असणार, आमच्याकडे खाडीत लहान रोहित जास्त. दोघांचं खाणं वेगळं, मोठा खोल पाण्यात उभा राहून कोळंबीसारखे बारीक जीव, शंख, अळ्या खातो आणि लहान मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो. दोघेही चोच उलटी धरून पाणी आत घेतात आणि जिभेने पंपासारखं बाहेर टाकतात, चोचीच्या कडेला जी बारीक पात्यांची रांग असते तिच्यात खाणं अडकतं. लहानाची ती रांग फार दाट असते.

निखिल_ठाणे:

एक विचारू का, राग मानू नका. फ्लेमिंगो खाडीत इतके येतात, मग खाडी चांगलीच आहे ना? आणि मिठागरांच्या जागेवर गरिबांची घरं होणार असतील तर त्याला विरोध करायचा का? मुंबईत माणसाला राहायला जागा नाही.

खाडीकाठ_ऐरोली:

निखिल, राग कसला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पहिला भाग: फ्लेमिंगो जास्त म्हणजे खाडी निरोगी असं थेट म्हणता येत नाही. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, त्यात नायट्रोजन-फॉस्फरस असतो, त्यावर शेवाळ फोफावतं आणि ते लहान रोहिताचं अन्न आहे. त्याच सांडपाण्यामुळे मासे मरतात. आमच्या इथले कोळी सांगतात की निवट्या (चिखलात सरपटणारा मासा), खेकडे, बोयी मासे सगळं कमी झालंय, जाळं टाकलं की प्लास्टिकच जास्त येतं. त्यामुळे एका जातीवरून खाडीचं आरोग्य ठरवू नये. निवट्याला बघा, कालवांना बघा, कुरलींना बघा.

दुसरा भाग मला कठीण वाटतो आणि मी त्याला सोपं उत्तर देणार नाही. घरं हवीतच. पण मिठागरं फक्त पक्ष्यांची जागा नाही, ती पावसाचं आणि भरतीचं पाणी सामावून घेतात. उधाणाच्या भरतीच्या दिवशी पाऊस कोसळला की मुंबईत काय होतं ते 26 जुलै 2005 ला आपण बघितलंय. तिथे भराव टाकून घरं बांधली तर पहिलं पाणी त्याच घरांत शिरणार, आणि ती घरं गरिबांची असणार. मी विरोध करतो तो याही कारणाने.

मांडवीतीर:

गोव्याहून. आमच्या खाजन शेतीबद्दल लिहितो कारण भरतीच्या वेळी पक्ष्यांनी कुठे जावं याचं एक जुनं उदाहरण तेच आहे. खाजन म्हणजे नदीकाठची खारी सखल जमीन, पूर्वजांनी मातीचे बांध घालून आणि मानशी बसवून तयार केलेली. मानस म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा, भरतीचं पाणी आलं की ते आपोआप बंद होतं आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलून उघडतं. पावसाळ्यात कोरगुट भात, ते खारं पाणी सहन करतं. कापणी झाली की खारं पाणी आत घेऊन मासे, सुंगटं म्हणजे कोळंबी. तेव्हा त्या उथळ पाण्यात शेकाटे, टिलवे, चिखले, बगळे दिसतात. चोडण, दिवाडी, करमळीच्या बाजूला हिवाळ्यात अजून दिसतात.

पण आता पुष्कळ ठिकाणी बांध फुटलेत, दुरुस्त करायला कोणी नाही, मानस तुटली की जमीन कायमची पाण्याखाली जाते, मग खारफुटी वाढते आणि ती उघडी जागा जाते. काही ठिकाणी मुद्दाम बांध फोडतात असंही लोक बोलतात. आमच्याकडे चोडणच्या खाजनात पाणमांजरंसुद्धा आहेत, बांधावर त्यांची विष्ठा दिसते, माशांच्या खवल्यांनी भरलेली. शेती चालू असेल तरच हे सगळं टिकतं. पक्षी वाचवायचे तर शेतकऱ्याला आधी बांध दुरुस्तीला पैसे द्या.

रूपाली_डोंबिवली:

खारफुटी वाढते म्हणून उघडी जागा जाते? मला वाटायचं खारफुटी जितकी जास्त तितकं चांगलं. आमच्या ग्रुपने मागे खाडीत रोपं लावायचा कार्यक्रम ठरवलाय.

सडा_रत्नागिरी:

रूपालीताई, खारफुटी चांगलीच, ती काठाची धूप थांबवते, माशांच्या पिल्लांना आसरा देते, तोडू तर अजिबात नये. प्रश्न फक्त कुठे लावायची याचा आहे. उघड्या चिखलावर लावायची नाही. चिखल्या, पाणटिवळा, कुरल यांना झाडांमध्ये खाता येत नाही, त्यांना लांबवर दिसणारा मोकळा चिखल लागतो. ठाणे खाडीत गाळ साचत चाललाय आणि त्यावर खारफुटी आपोआप चिखलाकडे सरकतेय, त्यात आपण भर घालायची गरज नाही. जिथे पूर्वी खारफुटी होती आणि तोडली, तिथेच लावा. त्याहून चांगलं म्हणजे बंद पडलेल्या खाडीच्या वाटा मोकळ्या करा. पाणी येऊ-जाऊ लागलं की बिया स्वतःच रुजतात.

मधुरा_लायडन:

मी नेदरलँड्समध्ये आहे. इथे वाडन समुद्राचा चिखल बघायला मिळतो, 2009 पासून जागतिक वारसा. धाग्यातला प्रश्न इथेही तोच आहे, भरतीला पक्षी कुठे जातात, आणि इथे त्या जागांवर त्या वेळेत माणसांना जायला बंदी असते, बोर्ड लावलेले असतात, लोक ऐकतातही. कारण दर वेळी थवा उडाला की जी चरबी त्यांनी पुढच्या प्रवासासाठी साठवलीय ती जळते.

चोचीबद्दल एक भर. नॉट नावाच्या पक्ष्यावर इथे पक्षीशास्त्रज्ञ थ्युनिस पिअर्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलंय. 1998 मध्ये त्यांनी दाखवलं की हा पक्षी ओल्या वाळूत चोच खुपसतो तेव्हा वाळूच्या कणांमधल्या पाण्यात दाब तयार होतो, आणि मध्ये एखादी शिंपली असेल तर तो दाब बदलतो, आणि चोचीच्या टोकाला जे संवेदनशील पेशींचे पुंजके असतात ते हा बदल ओळखतात. म्हणजे शिंपलीला न शिवताही तिचा पत्ता लागतो! पाणटिवळा आणि पाणलावा यांच्या चोचीच्या टोकातही असेच पुंजके असतात, शिवाय ते चोच मुळाशी न उघडता फक्त टोक चिमट्यासारखं उघडू शकतात, त्यामुळे चिखलात खोल असतानाच किडा पकडता येतो. हे मला वाचलं तेव्हा फार थोर वाटलं.

बर्डर_पनवेल:

सगळं ठीक आहे पण मला एक शंका. खाडीजवळ थवा उडाल्याशिवाय चांगला फ्लाइट शॉट मिळत नाही, सगळेच जण बोटीतून थोडं जवळ जातात, पक्षी परत बसतात ना? ड्रोन तर वरून असतो, त्यालाही लोक नको म्हणतात ते कशाला?

खाडीकाठ_ऐरोली:

बर्डर_पनवेल, ते परत बसतात हे खरं, पण किती वेळा आणि कशाच्या बदल्यात हे बघा. लहान स्टिंट म्हणजे तुताऱ्यांमधल्या सगळ्यात छोट्यांपैकी एक, वजन जेमतेम 20-30 ग्रॅम. तो सैबेरियाच्या टुंड्रातून येतो. तिथे उन्हाळा इतका छोटा की आईबाप बहुतेक वेळा पिल्लांच्या आधी निघून येतात, आणि ज्या पिल्लांनी ही वाट कधी बघितलेली नाही ती नंतर स्वतःची स्वतः इथपर्यंत येतात. परत जाताना एप्रिल-मेमध्ये त्यांना भरपूर चरबी साठवावी लागते. त्या महिन्यात दर भरतीला तीन-चार होड्या थव्यात घुसल्या तर ते विसावण्याऐवजी उडतात. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत असेल, 2022 मध्ये जेमतेम पाच महिन्यांच्या एका पक्ष्याने अलास्का ते टास्मानिया 13,560 किमी न थांबता 11 दिवसांत केले. ते शक्य होतं कारण निघण्याआधी तो चरबी वाढवतो आणि पोटातले पचनाचे अवयव छोटे करतो. असा पक्षी जिथे थांबून खातो ती जागा आपण चित्रीकरणासाठी ढवळायची नाही.

ड्रोन त्यांना ससाण्यासारखा वाटतो, वरून आलेली कुठलीही वस्तू शिकारीच. थव्याबरोबर उडालेले पक्षी अंधारात तारांवर, काचेवर आपटतात. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरला विमानाला धडकून 30 पेक्षा जास्त फ्लेमिंगो मेले, ते आठवतंय ना सगळ्यांना. रात्रीचा प्रवास करणाऱ्या पक्ष्यांना प्रकाश गोंधळात टाकतो, म्हणून खाडीकाठच्या तळ्यांवरचे मोठे फ्लडलाइट हा मुद्दाही मी जोडतो.

फोटोसाठी एक रस्ता आहे: भरती चढायला लागली की एका जागी बसून राहा, पाणी चढत जातं आणि पक्षी स्वतः सरकत तुमच्याकडे येतात. शिवडीत असंच होतं.

निखिल_ठाणे:

दोन्ही उत्तरं पटली. कुरलींमधल्या एका छोट्या जातीबद्दल वाचलं होतं की ती नामशेष झाली, खरंय का?

सडा_रत्नागिरी:

हो, बारीक चोचीची कुरल, स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू. शेवटची खात्रीची नोंद मोरोक्कोमधल्या मर्जा झेर्गा इथली, फेब्रुवारी 1995. 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी अभ्यासून सांगितलं की ती आता उरलेली नाही. तिची घरटी कुठे असतात तेसुद्धा नीट कळलं नव्हतं, सैबेरियातून फार थोड्या नोंदी मिळाल्या. शिकार, पाणथळ जागांवर शेती, भराव हीच कारणं. आणि 2024 मध्येच आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संस्थेने कर्ल्यू सँडपायपर, ग्रे प्लोव्हर यांसारख्या किनाऱ्याच्या पक्ष्यांना 'असुरक्षित' गटात टाकलं, हे दोन्ही आपल्या खाडीत येतात.

मुग्धा_कोथरूड:

मुलगा सगळे प्रतिसाद वाचून घेतोय माझ्याकडून. तो विचारतोय, खारं पाणी प्यायल्यावर पक्ष्यांना त्रास नाही का होत?

खाडीकाठ_ऐरोली:

मुग्धाताई, त्याला सांगा की डोळ्यांच्या वर त्यांना मिठाच्या ग्रंथी असतात, रक्तातलं जास्तीचं मीठ त्या बाहेर काढतात आणि ते नाकपुडीतून थेंबाथेंबाने पडतं. पक्षी डोकं झटकताना दिसतात त्यामागे बरेचदा हेच असतं.

मंडळी, गणनेला येणार असाल तर वेळ ठरवायची कोळ्यांची जुनी पद्धत लिहून ठेवतो, मोबाइलमधलं टाइडचं ॲप नसलं तरी अडत नाही. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता मुंबईत साधारण पूर्ण भरती. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता. खाडीच्या आत शिरलं की त्याहून थोडी उशिरा. पक्षी मोजायचे तर भरती पूर्ण व्हायच्या दोन-तीन तास आधी शिवडीत बसा. मिठागरांवर मोजायचे तर पूर्ण भरतीला. एकाच दिवशी दोन्ही जागी मोजणारे दोन गट हवेत, नाहीतर तेच पक्षी दोनदा मोजले जातात.

भीमाकाठ_इंदापूर:

आमच्याकडं आम्ही सगळे गट एकाच सकाळी बसतो, पळसदेव, कुंभारगाव, डिकसळ. भिगवणचे होडीवाले आता पक्षी बोटांवर मोजून सांगतात, पूर्वी मासेमारी करायचे, अजून करतात, चिलापी मासा मिळतो म्हणून. कोणाला यायचं असेल तर निरोप टाका.

बर्डर_पनवेल:

शिवडीत भेटू. लहान स्टिंट आणि टेमिंक्स स्टिंट यातला फरक लांबून कसा ओळखायचा ते कुणी सांगेल का?

सडा_रत्नागिरी:

पाय बघा. लहान स्टिंटचे पाय काळे, टेमिंक्सचे पिवळट-हिरवे, आणि टेमिंक्सची छाती करडी, गढूळ दिसते. चिखल पायाला लागला असेल तर रंग फसवतो, मग उडेपर्यंत थांबा, टेमिंक्सच्या शेपटीच्या बाहेरच्या पिसांचा पांढरा रंग उडताना दिसतो. आणि टेमिंक्स गोड्या पाण्याच्या गवताळ काठाला जास्त, एकेकटा किंवा चार-पाच मिळून. उजनीला तो तुम्हाला खाडीपेक्षा सोपा सापडेल.